यूच्या पोटातले ठिपके

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, मिलवॉकीत माझा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एका जर्मन बेकरीची पाटी उंचीला कमी होती, म्हणून जर्मनमध्ये यू अक्षराच्या डोक्यावर देतात ते दोन ठिपके त्याने यूच्या पोटातच बसवले. "आमच्या गावीही असेच काढतात," म्हणत बेकरीवाले आजोबा खूश झाले.

नवरा गेला आणि वर्षभरात बेकरीही विकली गेली. त्याच्या हातचं तेवढंच काम उरलं होतं, म्हणून मी पाटी मागायला गेले.

"न्या की, पण आम्ही कालच तिला पांढरा रंग मारला," नवा मालक म्हणाला.

मी बोट फिरवलं. रंगाखालचे ठिपके हाताला लागत होते. वरचा रंग खरवडला तर खालचाही निघणार, इतकं त्याच्या संसारात मी शिकले होते. पाटी तशीच पांढरी गाडीत घातली.