कागदाची घडी

पिंपरीच्या दवाखान्यात मला अडकून महिना होत आला होता. मोठ्या आतड्याला व्रण झाले होते. दिवसातून आठ-दहा वेळा रक्त पडायचं. आता ते बरंचसं थांबलं होतं, तरी डॉक्टर सोडतील तर शपथ! "आकडा वीसच्या खाली आला की घरी," हे त्यांचं पालुपद.

माझी अकरा महिन्यांची लेक पिंपळे गुरवला थोरल्या जाऊबाईंपाशी होती. अंगावर पिणारं पोर वरच्या दुधावर टाकलेलं, आणि सासूबाईंचा हुकूम, "दवाखान्यात लेकरू न्यायचं न्हाई." अस्सा संताप यायचा! घर नदीपलीकडे, आणि मी खाटेला जखडलेली.

दर सोमवारी माझं रक्त एका लांब काचेच्या नळीत भरायचे नि नळी तासभर लाकडी घोडीत उभी ठेवायचे. लाल रक्त खाली बसायचं, वर पिवळट पाणी उरायचं. तासाभरात रक्त जितकं खाली जाईल तितका आकडा मोठा, तितकी आतली सूज जास्त. मागचा आकडा सव्वीस होता. एवढ्याशासाठी मी कोंडून पडायचं?

त्या सोमवारी नळी लावून रक्त तपासणारे भाऊ चहाला गेले. मी शेजारच्या बाकावर. गढूळ पाण्याची कळशी कलती ठेवली की गाळ कडेला धरून राहतो, तळाला जात नाही, हे घरी रोजचं पाहिलेलं. नळी कलली की रक्तही वरच राहील, म्हणून औषधाच्या पुडीच्या कागदाची जाड घडी केली आणि घोडीच्या एका पायाखाली सारली.

आकडा आला अडतीस. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणखी आठ दिवस." करायला गेले काय नि झालं काय! मी उशीत तोंड खुपसून रडले.

पुढच्या सोमवारी टेबल पुसताना भाऊंना ती घडी सापडली. माझा चेहरा बघूनच ते समजले. "अहो बाई, नळी कलली की रक्त उलट भराभरा खाली उतरतं! ही घडी नसती तर गेल्या सोमवारीच घरी गेला असता." ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं. घोडी सरळ करून त्यांनी नळी लावली. सतरा. डॉक्टरांनी त्याच दिवशी सोडलं.

घरात पाऊल टाकलं तर लेक भिंतीला धरून उभी. मी हात पसरले. ती चक्क चार पावलं चालली आणि जाऊबाईंच्या पदरात जाऊन दडली.

"अगं, गुरवारीच चालाया लागली बघ," जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या.

गुरुवारी मी खाटेवर दिवस मोजत होते, माझ्याच हातच्या घडीपायी.