बाबांच्या आवाजाचं कार्ड

माझ्या वडिलांचा आवाज करंगळीच्या नखाएवढ्या एका मेमरी कार्डात होता आणि माझा कंप्युटर ते कार्ड वाचायला तयार नव्हता. गोष्ट एवढीच आहे. ती सांगताना मी स्वतःला सोडणार नाही. तेव्हा बहुतेकांनी मला सोडून दिलं, "तू तरी काय करणार" म्हणून पाठीवर हात फिरवला, आणि तो हात मला अजून बोचतो.

बाबांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल आणि त्यानंतर बोलता येणार नाही, हे डॉक्टरांनी पंधरा दिवस आधी स्पष्ट सांगितलं होतं. आई गेल्यापासून, हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या लष्कर भागातल्या घरात आम्ही दोघंच. मी एका खाजगी शाळेत कंप्युटर शिकवते. शाळेच्या संगीताच्या खोलीतून एक छोटा रेकॉर्डर मागून आणला, माझं नवं कार्ड त्यात घातलं आणि ऑपरेशनच्या आधीच्या सात संध्याकाळी बाबांना समोर बसवलं. ते बिर्लानगरच्या गिरणीत फिटर होते, गिरणी बंद पडेपर्यंत. सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. मी प्रश्नांची यादीसुद्धा करून ठेवली होती. सात संध्याकाळींच्या सात फायली झाल्या.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, हातात शाळेची पाटी आणि पेन्सिल, असे बाबा घरी आले. रेकॉर्डर मी शाळेला परत केला आणि कार्ड काढून कंप्युटरच्या टेबलावर एका डबीत ठेवलं. "बाबा, यात तुमचा आवाज आहे हं, हात नका लावू," असं बजावलंही. पण त्याची नक्कल काही काढली नाही. औषधं, ड्रेसिंग, नळीतून द्यायचं पातळ जेवण, शाळेच्या चाचण्या, आज काढू उद्या काढू. वर्गात मात्र मी दरवर्षी घसा फोडून सांगते की महत्त्वाच्या फायलीची एक प्रत म्हणजे शून्य प्रत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटी वेळ मिळाला. माझा कंप्युटर लिनक्स या सॉफ्टवेअरवर चालतो. कोणाच्या मालकीचं नसलेलं, चार लोकांनी मिळून केलेलं, कोणालाही आतून उघडून बघता येईल असं. त्याचा मला गर्व होता, आणि गर्व हाच शब्द बरोबर आहे. कार्ड अॅडॉप्टरमध्ये, म्हणजे मोठ्या कार्डाच्या आकाराच्या खोळीत, सरकवलं, अॅडॉप्टर कार्ड-रीडरच्या खाचेत घातला आणि वाट पाहिली. पडद्यावर काहीच आलं नाही. काढून परत घातलं, तरी तेच.

मग मी मुलांना शिकवते त्या क्रमाने शोध सुरू केला. यूएसबीवर काय काय जोडलंय त्याची यादी मागितली, तर रीडर यादीत होता. यंत्रणेची नोंदवही उघडली. त्यात रीडर आल्याची ओळ होती, पण त्याच्यात काही घातलेलं आहे, हेच त्याला मान्य नव्हतं. जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड घालून पाहिलं, ते एका क्षणात उघडलं. सहलीचे फोटो हसत समोर आले. म्हणजे रीडर ठीक, लिनक्स ठीक, दोष कार्डात. शाळेतला सातवीचा मुलगाही हे सांगेल. पण दोष कार्डात याचा अर्थ बाबांचा आवाज गेला, आणि तो अर्थ मला नको होता. म्हणून मी नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणावं तशी लिनक्सच्याच मागे लागले. जुनी आवृत्ती घातली, नवी घातली. रीडरची वीज बचतीसाठी मध्येच बंद होत असेल म्हणून ती सोय काढून टाकली. या जास्त क्षमतेच्या कार्डांवरच्या फायलींची मांडणी वेगळी असते, म्हणून ती वाचणारी सॉफ्टवेअरं बसवली. पेनड्राइव्हवरून कंप्युटर सुरू करून पाहिला. एका चर्चेच्या पानावर लांबलचक प्रश्न लिहिला. कोणा भल्या माणसाने उत्तर दिलं की तुमचं कार्ड मेलंय, नवं घ्या. मी त्याला चिडून चार परिच्छेद लिहिले. 

पुण्याहून दादाचा फोन आला. मी हकिगत सांगितली.

"फुकटचं ते फुकटचंच," तो म्हणाला. "लोक वापरतात ते वापरायचं सोडून तुला कायम उलटी गंगा. एवढी एक गोष्ट तुझ्यावर सोपवली होती."

सोपवली म्हणे! सात संध्याकाळींत त्याने एकदाही "बाबा कसे आहेत" विचारायला फोन केला नव्हता, हे मी त्याला ऐकवलं. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, तेवढ्यापुरतं.

पंधरा दिवस असे गेले. मी शाळेतून यायची, चप्पल काढायची आणि टेबलाशी बसायची. बाबा मागच्या खुर्चीत बसून बघायचे. गिरणीत पस्तीस वर्षं ते बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचे आणि कोणी तरी मागे उभं राहून बघायचं; स्वतः खुर्चीत बसून नुसतं बघायची त्यांना सवय नव्हती. एका दुपारी त्यांनी पाटी माझ्या पुढ्यात धरली. त्यावर लिहिलं होतं, "पहिले साफ कर." आणि त्याखाली ते अजून काही लिहायला लागले होते, "मी" एवढंच झालं होतं.

मी त्यांच्या हातातून पाटी घेतली आणि बाजूला ठेवली. "बाबा, ही मिल नाही. इथे तेलपाणी करून नाही चालत काही. प्लीज, डिस्टर्ब नका करू."

 ते आत जाऊन आडवे झाले. मी पडद्याकडे वळले.

शेवटी गर्व बाजूला ठेवून पाटणकर बाजारात गेले. तिथल्या एका मोबाइलच्या दुकानदाराने कार्ड आपल्या तीन रीडरांत घालून पाहिलं, फोनमध्ये घालून पाहिलं. मग माझ्या तळहातावर परत ठेवलं.

"मॅडम, ये डेड है. कुछ जरूरी था क्या इसमें?"

"जी, आवाज थी. पिताजी की."

"अरे. तो दुबारा रिकॉर्ड कर लो ना."

मी कार्ड पर्समध्ये टाकून निघाले. रिक्षात रडले नाही, घरी येऊनही रडले नाही. एवढी चिडले होते. चीड कोणावर, ते ठरत नव्हतं.

दिल्लीत मेलेल्या कार्डांतून फायली काढून देणारे लोक असतात. त्यांच्याकडे पाठवायचं ठरवलं. त्यांना कार्डावरचा बारीक नंबर कळवायचा होता, म्हणून बाबांचं पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि खिडकीशी गेले. नंबर उतरवला. मग सहज कार्ड उलटं केलं. त्या बाजूला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांच्यातूनच कार्ड बोलतं. भिंगाखाली दोन पट्ट्यांच्या मध्ये एक लाल कण दिसला. नखाने खरवडला. नखाला लालबरोबर पिवळंही लागलं. वास घेतला तर हळद.

सोन्यावर हळद बसली की ती कुठे दिसते? पंधरा दिवस ते कार्ड मी पन्नास वेळा हातात धरलं होतं.

मग सगळं लक्षात आलं. खंडेनवमीला मी मावशीकडे मुरारला कुमारिकांच्या जेवणाला गेले होते. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते. शस्त्रं म्हणजे बाबांचे पाने, पक्कड, हातोडी, पेचकस. बाबा ते पाटावर मांडतात, गंध, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल वाहतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. गिरणीतही ते मागावर तसंच करायचे. मी परत आले तेव्हा माझ्या कंप्युटरवरही स्वस्तिक काढलेलं होतं. ते मी कुरकुर करत पुसलं होतं. पण डबी उघडून, ते एवढंसं कार्ड काढून, त्याची सोनेरी बाजू वर करून त्यांनी तेही पाटावर मांडलं असेल, हे माझ्या डोक्यात कसं येणार? सोन्याची बाजू म्हणजे दर्शनी बाजू, असंच कोणाही पूजा करणाऱ्याला वाटेल. मग दसऱ्याला उपरण्याने पुसून परत जागच्या जागी.

बाबा ओसरीत बसले होते. मी कार्ड त्यांच्या नाकासमोर धरलं. "याची पूजा केलीत?"

त्यांनी मान हलवली. हो.

मी काय बोलले ते लिहिते, कारण टाळलं तर हे सगळंच लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना? एकच गोष्ट सांगितली होती. मी पंधरा दिवस मरमर मरतेय आणि तुम्ही मागे बसून मजा बघताय. गंध लावून मशीनं चालत असती तर तुमची मिल बंद कशाला पडली असती? साऱ्या जन्माची पूजा काय कामी आली? ना आईच्या, ना तुमच्या." आणखीही बोलले. शेजारची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला, तरी थांबले नाही.

बाबांचा हात पाटीकडे गेला. पाटी माझ्या बाजूला स्टुलावर होती. मी ती दिली नाही. त्यांनी एक बोट गळ्यातल्या भोकावर ठेवलं. ऑपरेशननंतर नर्सने काही तरी शिकवलं होतं त्यातलं. नुसती हवा निघाली. भांडताना समोरचा उलटून बोलणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मी इतकं बोलू शकले. याची लाज मला त्या वेळी वाटली नाही. ती नंतर वाटली आणि आता जात नाही.

मी दमल्यावर ते उठले. माझ्या हातातून कार्ड घेतलं. त्यांच्या ड्रेसिंगच्या ट्रेमधून स्पिरिट आणि कापूस आणला, माझ्या कंपासपेटीतून खोडरबर. खिडकीशी बसून खोडरबराने एकेक पट्टी हलक्या हाताने घासली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, उजेडात धरून पाहिली, परत घासली. अॅडॉप्टरच्या आतही काडीला कापूस गुंडाळून फिरवला. त्यांचे हात जेवताना थरथरतात. तेव्हा थरथरत नव्हते. मग कार्ड त्यांनी स्वतः खाचेत घातलं. पडद्यावर लगेच खिडकी उघडली. सात फायली.

पाटीवर "मी" च्या पुढे पूजेचंच लिहायचं होतं, ते आता कोणीही सांगेल.

सॉरी म्हणायचं सोडून मी पटकन आधी नक्कल काढली, एक नाही, तीन. मग खुर्ची त्यांच्याजवळ ओढून पहिली फाइल लावली. मला वाटलं होतं, आता दोघंही रडू आणि सगळं निवळेल.

पहिला आवाज माझा होता. "बाबा, सरळ बसा. माइककडे तोंड करा. हं, पूर्ण नाव सांगा." मग बाबांचा, जाडाभरडा, खरखरीत, अगदी जसाच्या तसा.  त्यांनी गिरणीच्या भोंग्याचं सांगायला घेतलं, तर माझा आवाज, "हे झालं बाबा मघाशी." त्यांनी कोणा जोडीदाराची गंमत काढली, तर मी, "आधी साल सांगा, नाही तर नंतर कळणार नाही." ते खोकले, तर मी, "थांबा, पुन्हा म्हणा ते वाक्य." शाळेत मी अशीच बोलते. घरीही अशीच बोलते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या फायलीत बाबा मध्येच थांबले आणि म्हणाले, "बेटा, तुझ्या आईचं एक सांगायचं आहे. कोणाला सांगितलं नाही आजपर्यंत. आता सांगून टाकतो."

आणि मी म्हणाले, "आईचं नंतर घेऊ बाबा, वेगळी फाइल करू. आधी मिलचं पूर्ण होऊ दे."

"बरं," बाबा म्हणाले, आणि संपाचं सांगू लागले.

मी पाचवी लावली. सहावी. सातवी पूर्ण ऐकली, शेवटी मी "आता आराम करा" म्हणते तिथपर्यंत. आईचं कुठेच नव्हतं. मी विचारायला विसरले होते. त्यांनीही पुन्हा काढलं नव्हतं.

मी पाटी पुसून त्यांच्या मांडीवर ठेवली. "बाबा, आता लिहा ना. काय होतं आईचं? मी नाही बोलणार मध्ये. कितीही वेळ लागू दे."

त्यांनी पेन्सिल घेतली.  मग लिहिलं, "लिहिण्यासारखं नव्हतं. बोलण्यासारखं होतं."

मी वाचलं आहे हे पाहून त्यांनी ते तळहाताने पुसलं. मी पाटी पुन्हा पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.