खोडलेली ओळ

प्रति, आई अंबाबाई, करवीर. अर्जदार : कचेरीसमोर गेली वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिणारा मी. दिवस : मंगळवार, माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनचा. साक्षीदार : एक, माझी पत्नी, दोन, शेजारच्या खाटेवरील रुग्णाची पत्नी, राहणार कुरुंदवाड, नाव नमूद नाही.

निवेदन करतो की, तीन वर्षांपूर्वी माझी उजवी बाजू शिवली गेली. भूल उतरल्यावर त्या वेदनेत मी आपणास नको ते बोललो, आणि तेव्हापासून महाद्वारातून आत येण्याचे धैर्य मला झाले नाही. आता डावी बाजू होती. भीती सुरीची नव्हती. माझ्या तोंडाची होती.

संमतिपत्र हाती आले. न समजलेली ओळ प्रथम खोडायची, ही माझी धंद्यातली शिस्त. त्यानुसार 'जखम शिवताना तेथेच बधिरतेचे औषध टोचणे' ही ओळ मी खोडली. कंबरेत भूल देणारच होते. मग जखमेत पुन्हा सुई कशास? पत्नीने हात धरला, तेव्हा "तुला कागदातले काय कळते?" म्हणून तिला गप्प केले.

शेजारची बाई मात्र गप्प बसली नाही. "पावणं, ते कशाला खोडलासा? आमच्या मालकांस्नी काल त्येच टोचलंय. भूल उतरली तरी कण्हलं न्हाईत. उलट चहा गार हाय म्हणून भांडलं की माझ्यासंगं!"

"आणि आज?" मी विचारले.

"दुखतंय की थोडं, गोळी घेत्यात. तुमास्नी वरडायची हौस हाय काय?"

पत्नी हसली. माझा कागद आजवर कोणी दुरुस्त केला नव्हता. मी डॉक्टरांना विचारून खात्री केली आणि ती ओळ स्वहस्ते पुन्हा लिहिली.

ऑपरेशन झाले. सायंकाळी कंबरेतली भूल उतरून पाय जागे झाले. मी दात आवळून वाट पाहत राहिलो. टाक्यांपाशी जडपणा होता, थोडी ओढ होती. ती जुनी आग आली नाही. तोंडातून फक्त "आई" आले, आणि त्यापुढे काहीच नाही. ते औषधाचे काम, हे मी जाणतो. खोडलेल्या ओळीकडे माझा हात परत कोणी नेला, याबद्दल मी वाद घालत नाही.

टाके सुकल्यावर महाद्वारातून आत आलो, तेव्हा ध्यानात आले की, त्या बाईचे नाव विचारायचे राहिले. साक्षीदाराचे नाव मी कधी चुकवत नाही. तरी विनंती की, मागील अपशब्दांची क्षमा व्हावी, आणि साक्षीदार क्रमांक दोनची रिकामी जागा आपण स्वतः भरावी. उत्तर मिळेपर्यंत अर्जदार दर मंगळवारी दारात हजर राहील.