दाजींचा हात

माझ्या ताईचे यजमान म्हणजे माझे दाजी. त्यांच्या गॅरेजमध्ये मी त्यांच्या हाताखाली काम करायचो आणि तिथेही त्यांना दाजीच म्हणायचो, म्हणून हळूहळू रंगारी, वेल्डर, शेजारचा पंक्चरवाला, गिऱ्हाइकं, सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागले. एका माणसाला इतके मेहुणे दुसऱ्या कुणाला मिळाले नसतील. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती माझ्या मशीनबद्दल. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं ते मशीन मी आणलं आणि त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, ‘डबा’.

दाजींचं निदान हातावर चालायचं. गाडी फेरी मारून आली की बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे आणि तळहात अलगद फिरवायचा. कुठे जास्त तापलंय, कुठे तुंबलंय, ते सांगून मोकळे व्हायचे. मग मी डबा जोडायचो, तोही तेच सांगायचा, आणि ते माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

आमच्याकडे दातांच्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली. बुटकी, रुंद, वेगासाठीच बनवलेली. सुट्टीच्या दिवशी बाई ती ट्रॅकवर पळवायच्या. हल्ली थोड्याच चकरांत इंजिन ऑइलचं तापमान चढायचं आणि लाल दिवा लागायचा. दुसऱ्या गॅरेजने सरळ इंजिन खोलायला सांगितलं होतं.

“दाजी, तुम्ही एकदा हात लावून बघा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही खोला म्हणालात, तरच खोलू.”

ऑइल पुरेसं होतं, हवं त्या जातीचं होतं. पाण्याचा रेडिएटर ठीक होता. काटा खोटं बोलत असेल म्हणून मी दुसरा तापमापक घालून पाहिला, तर तोही तेच दाखवत होता. राहता राहिला ऑइल कूलर. ऑइल तापलं की एक झडप उघडते, ऑइल पाइपातून पुढच्या जाळीत जातं, वाऱ्यावर निवतं आणि दुसऱ्या पाइपाने परत येतं. जाणारा पाइप गरम आणि येणारा त्याहून कमी गरम असला, म्हणजे सगळं ठीक. दोन्ही सारखेच भाजत असले, तर जाळीला वारा मिळत नाही. दोन्ही गार असले, तर झडपच उघडत नाही. त्यासाठी डबा लागत नाही, हात पुरतो.

मी गाडी पळवून आणली.

“तुझा डबा काय म्हणतो?” दाजींनी विचारलं.

“एकशे चाळीस.”

त्यांनी डोळे मिटून उजव्या हाताने एकेक करून दोन्ही पाइप धरले. “सारखेच तापलेत. वारा मिळत नाही.”

आम्ही बंपर उतरवला, जाळी धुतली, वाऱ्याला वाट करून दिली. तापमान चढलंच. दाजींनी पुन्हा पाइप धरले आणि पुन्हा तेच म्हणाले. नवा कूलर बसवला. फरक शून्य. शेवटी त्यांनी बाईंना फोन केला, “खोलावंच लागेल.” बाई एवढंच म्हणाल्या, “तुम्ही म्हणताय ना, मग खोला.”

शेवटची फेरी मारून मी गाडी आत घेतली. दाजी पाइप धरून उभे होते. मी त्या दुसऱ्या तापमापकाची वायर सोडवायला हात घातला आणि माझं मनगट त्याच पाइपाला टेकलं. पाइप गार होता. सकाळच्या नळासारखा गार.

“दाजी, कसा आहे पाइप?”

“किती वेळा सांगू? चटका बसतोय.”

मी मनगट पाइपावरून हलवलं नाही. त्यांनी डोळे उघडले. माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

“गार आहे?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“हो.”

त्यांनी हात काढला नाही. उलट पाइप आणखी घट्ट धरला. अजूनही काहीतरी कळेल, असं वाटलं असावं.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. बरेच दिवस ते हात लावायच्या आधी डब्याचा आकडा विचारत होते. मला वाटायचं, म्हातारा आला एकदाचा वठणीवर, आणि मी फुशारून जायचो. ते आकडा ऐकून हाताचं उत्तर ठरवत होते. घरी गार झालेल्या चहावरही ते फुंकर मारायचे आणि आम्ही सगळे त्यांना हसायचो. ताई तर पाहुण्यांना त्यांची नक्कल करून दाखवायची. कप धरून त्यांना काही कळतच नव्हतं, आणि हे त्यांनी ताईलाही सांगितलं नव्हतं.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या साखरेने उजव्या हाताच्या बोटांच्या नसा गेल्या, आता परत येणार नाहीत. दाजींनी एकच विचारलं, “डावा?” तोही त्याच वाटेवर होता. त्या रात्री ताई स्वयंपाकघरात रडली.

झडप बदलली आणि गाडी सुधारली. बाई ट्रॅकवरून थेट गॅरेजमध्ये आल्या आणि सगळ्यांसमोर दाजींचा उजवा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “या हाताला तोड नाही.”

“झडप मेहुण्याने शोधली,” दाजी म्हणाले. बाईंना तो त्यांचा मोठेपणा वाटला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

आता ताई त्यांना कप देताना गरम की गार ते सांगून देते. कुणी हसत नाही. गिऱ्हाइकं अजून त्यांनाच शोधत येतात, आणि ते अजून बॉनेट उघडून हात ठेवतात, फक्त डोळे मिटत नाहीत. परवा एक गाडी फेरी मारून आली. मी मुद्दाम डब्याची वायर जोडली नाही. म्हटलं, “दाजी, तुम्हीच सांगा.” चिडतील, डब्याला दोन शिव्या घालतील, असं वाटलं होतं. निदान मिशीत हसतील.

ते बराच वेळ हात ठेवून उभे राहिले. मग तो पुसत बाजूला झाले आणि मला जागा करून दिली.

“तुझं मशीन काय म्हणतंय, ते बघ,” म्हणाले.