आराखड्यातली पडीक जागा

कोल्हापूरच्या आमच्या नियोजन कार्यालयात येणारी माणसं टेबलापलीकडे उभी राहून बोलत. तानुआक्का कांबळे तशा कधी उभ्या राहिल्याच नाहीत. त्या सरळ टेबलाला वळसा घालून आमच्या खुर्चीपाशी येत आणि खांद्यावरून नकाशा बघत. "तिकडनं उलटं दिसतंय," म्हणत.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथे आरेखक होतो. नकाशे काढायचे आणि रंगवायचे, हे माझं काम. हातकणंगले भागाचा नवा विकास आराखडा तयार झाला होता. त्यात एक औद्योगिक वसाहत होती, तिच्याकडे जाणारा रुंद रस्ता होता आणि त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. हरकती फारशा येत नसत. सूचना कचेरीच्या फळ्यावर लागे आणि तिची भाषा आम्हालाही दोनदा वाचावी लागे. आक्का चौथी शिकलेल्या. महिलांसाठी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या. ती सूचना कुणाकडून तरी वाचून घेऊन त्या एसटीने आल्या होत्या.

"आमची वस्ती कुठं हाय ह्यात?"

मी शोधू लागलो. ओढा सापडला. त्याच्या पलीकडे मी स्वतःच्या हाताने फिकट पिवळा रंग भरला होता आणि त्यावरून रस्त्याची दुहेरी रेघ गेली होती.

"इथे पडीक जागा दाखवलीय."

"पडीक म्हंजे?"

"जिथे कोणी राहत नाही."

त्यांनी त्या पिवळ्या रंगावर बोट ठेवलं. "मी लगीन होऊन आलो तवापास्नं तिथंच ऱ्हातोय की," त्या म्हणाल्या. मला मान वर करवेना. मग त्याच म्हणाल्या, "पावणं, रविवारी जेवायला या. येताना ह्यो कागद घिऊन या."

साहेबांना न विचारता मी गेलो. लिंबाखाली नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. भोवती वस्तीतली बौद्ध कुटुंबं होती, गावातले शेतकरी होते, डेअरीला दूध घालणाऱ्या बायका होत्या. आक्कांनी सगळ्यांनाच बोलावलं होतं. ज्याने त्याने आपल्या घराच्या जागी जोंधळ्याचा दाणा ठेवला. "म्हसरं हितनं जात्यात," एक म्हातारी बोट फिरवत म्हणाली. विहीर आली, पोरींची शाळेची पायवाट आली. मी पेन्सिलीने उतरवून घेत होतो. इतकी वर्षं नकाशे काढले, पण माझा नकाशा त्यावर राहणारी माणसं वाचताहेत, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सुनावणीला आक्कांनी तोच कागद अधिकाऱ्यांपुढे ठेवला. अधिकारी सज्जन होते. "चूक झालीय," ते म्हणाले. "रस्ता शेजारच्या गावच्या कुरणातून नेऊ. तुमचं काम झालं."

मी कागद आवरायला लागलो. आक्का उभ्याच होत्या.

"त्या गावाला इचारलंय का, सायब?"

"ते हरकत घेतील तेव्हा बघू."

"आमच्या डोक्यावरचं वझं त्येंच्या डोक्यावर ठिवायचं, मग फरक काय पडला? आमास्नी म्हैनाभर द्या."

मागून वस्तीतलाच कुणीतरी म्हणाला, "आक्का, मिळतंय ते घ्या की." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

हातात आलेलं घर त्यांनी पुन्हा पणाला लावलं, तेही कुणासाठी? त्या शेजारच्या गावात मजुरीला जाणाऱ्या आक्कांच्या आईला गावच्या विहिरीला हात लावू दिला जात नसे. हे मला नंतर दुसऱ्याच माणसाने सांगितलं. आक्का त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

महिनाभर त्या रस्त्याच्या वाटेवरची पाच गावं पायी फिरल्या. कुठे चहा मिळाला, कुठे अंगणातच उभं केलं. प्रत्येक ठिकाणी एकच बोलणं: "इकास हू दे की. पर ज्येच्या दारावरनं जाणार, त्येला इचारून हू दे." पुढच्या सुनावणीला पाच गावांची माणसं एकच नकाशा घेऊन आली. रस्ता मुरमाच्या माळाच्या कडेने वळवलेला होता. अधिकाऱ्यांनी ती रेघ मान्य केली.

वस्ती वाचली, विहीर वाचली. नव्या वळणात शेजारच्या गावचं कुरण निम्मं राहिलं आणि तिथल्या काही शेतकऱ्यांच्या जमिनीच्या पट्ट्या रस्त्यात गेल्या. मंजूर नकाशा आणि यादी घेऊन मी आनंदाने गेलो, तर आक्का म्हणाल्या, "समद्यांचं न्हाय वाचलं." कुणाकुणाची जमीन गेली, ती नावं त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली.

त्यानंतर आठ-दहा वर्षांनी आक्का गेल्या. वस्तीतल्या विहारात शोकसभा होती. भाषणं संपत आली तेव्हा दाराशी उभा असलेला एक म्हातारा शेतकरी टोपी हातात घेऊन पुढे आला. शेजारच्या गावचा होता.

"रस्त्यात माझं रान गेलं," तो म्हणाला. "सरकारची नोटीस मागनं आली. त्येच्या आदी ही बाई माझ्या दारात आली. म्हनली, आण्णा, रेघ आमी सरकवली आन् तुमचं रान गेलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या. मी दिल्या. लई दिल्या. तिनं समद्या ऐकून घेतल्या, मग गेली."

टोपीची घडी घालत तो पुढे म्हणाला,

"रान गेल्याचं दुख अजून हाय. पर माझं नुकसान मला तोंडावर सांगाय आलेलं मानूस, जलमात ही एकटीच."

एवढं बोलून तो खाली, वस्तीतल्या माणसांच्या ओळीत बसला.