वाळूत गाडी रुतली तर

ज्या सकाळी आमचे व्याही गेले, त्या सकाळी मी त्यांना काय काय सुनवायचं ते मनात पक्कं करून जिना उतरलो होतो. परदेशातल्या ल्यूकन गावात, पोरांच्या या घरात आम्हा दोघांच्या खोल्या भिंतीला भिंत लागून, आणि तीन आठवडे झाले आम्ही धड बोलत नव्हतो. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचा. खाली आलो तर स्वयंपाकघरात एकटा संतोष, माझा मुलगा, ओट्याला टेकून उभा. म्हणाला, "अण्णा, सर गेले. पहाटे छातीत दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्स आली, केतकी त्यांच्याबरोबर गेली... हॉस्पिटलात पोचेपर्यंतच. तुम्हाला उठवलं नाही." मी म्हणालो, "मला न सांगताच?" त्याला वाटलं मी हॉस्पिटलचं बोलतोय. मी कशाचं बोलत होतो ते मला तरी कुठं कळत होतं.

दिवसभर शेजारची माणसं येत राहिली. या देशात मरणाच्या घरी सँडविचचे ट्रे घेऊन येतात आणि हात हातात धरला की लवकर सोडत नाहीत. सगळ्यांनी माझाच हात धरला. घरात तेवढा एकच म्हातारा उरलेला, म्हणून त्यांना वाटलं असेल सगळ्यात जास्त माझंच गेलं. आमचं भांडण होतं हे त्यांना इंग्रजीत सांगायचं कसं? मी मान हलवत राहिलो. आता महिना होऊन गेला, तर केतकी, माझी सून, म्हणते, "अण्णा, पेपरच्या पुरवणीवाले बाबांवर लेख मागतायत. तुम्हीच लिहा. दोन चांगले शब्द." दोन चांगले शब्द... अक्षर सुंदर होतं, आणि स्वतःचं ताट स्वतः धुवायचे. झाले दोन. बाकीचं जसं घडलं तसं लिहितो.

प्रभाकरराव पुण्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. इथं आले तरी इथली सगळी मराठी माणसं त्यांना सर म्हणायची, माझा मुलगासुद्धा, सख्ख्या सासऱ्याला. मी नाही म्हटलं. मी चौथीपर्यंतच गेलो, पण त्यांच्या वर्गात कधी बसलेलो नव्हतो. मी त्यांना पाव्हणं म्हणायचो, आणि ते त्यांना खटकायचं हे मला पक्कं माहीत होतं. दोघांच्या बायका आधीच गेलेल्या, म्हणून दोन्ही म्हातारे पोरांच्या घरी एकत्र आलो. माझी बोली त्यांना रुचायची नाही, पण तोंडावर कधी चूक काढायचे नाहीत. नुसता पुढच्या वाक्यात तोच शब्द नीटनेटका करून माझ्यापुढं परत ठेवायचे. त्यापेक्षा तोंडावर बोललेलं परवडतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात ट्युनिशिया शिरलं. "तीस वर्षं मी फळ्यावर सहारा काढला, अण्णा, पिवळ्या खडूनं. एकदा डोळ्यांनी बघायला नको का?" म्हणाले. गाडी भाड्यानं घ्यायची आणि आपली आपण वाळवंटापर्यंत फिरायची. जेवणाचं टेबल त्या दिवसापासून त्यांचं झालं. नकाशा पसरलेला, चार रंगांची पेनं, फाईल... आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचं. ट्युनिशियाला लागूनच लिबिया. तिथं मी तरुणपणी रस्त्याच्या कामावर सहा वर्षं पाण्याचा टँकर चालवला. हे त्यांना लग्नाच्या बैठकीत सांगितलेलं, नकाशा पसरला तेव्हा परत सांगितलं. "अरे वा, म्हणजे तुम्हाला सवय आहे," म्हणाले, आणि वाळूची टेकडी कशी तयार होते ते मला समजावायला लागले. वारा या बाजूनं येतो, अण्णा, मग उतार त्या बाजूला पडतो... सहा वर्षं त्या वाऱ्यात डोळे चोळलेत मी. ऐकून घेतलं. त्यांनी दिवसाचं वेळापत्रक केलं, शाळेत तासांचं करतात तसं. त्यात लिहिलेलं होतं, दहा वाजून दहा ते दहा पंचवीस, वाळवंट पाहणे. मी म्हणालो, "पाव्हणं, पंधरा मिनटात उरकंल का?" तर म्हणाले, "पुढे जेवणाचं ठिकाण लांब आहे हो." हसलेसुद्धा नाहीत.

हे सगळं मी सोसलं, कारण एक वाक्य त्यांनी सुरुवातीलाच टाकलं होतं. "गाडी मात्र तुम्हीच चालवायची, अण्णा. आमच्यातल्या कोणाला वाळूतलं काही कळत नाही."

तीन वर्षं इथं मी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. लायसन केव्हाच संपलेलं. मागच्या सीटवर पट्टा लावून बसायचं, संतोष चढाला गिअर चुकवतो ते कानानं ऐकायचं आणि गप्प राहायचं. जन्मभर ज्याच्या हातात गाडी होती त्याला हे काय वाटतं ते ज्याचं त्यालाच माहीत. बरं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. ऑपरेशन मी किती वर्षं टाळत होतो, कारण मला भीती वाटायची. आता लिहायला हरकत नाही. पण त्या वाक्यापायी थंडीत गावी फलटणला गेलो, डोळा कापून घेतला, आणि डॉक्टरनं हो म्हटल्यावर आरटीओत जाऊन नव्यानं टेस्ट दिली. गाडी मागं घेऊन दाखवा म्हणाले, एका दमात घेतली. तिथला साहेब म्हणाला, "बाबा, या वयात कुठं निघालाय?" म्हटलं, "वाळवंटात." हसला, पण सही केली. बाहेरच्या देशात चालवायचं परमिट मिळालं, छोटं पुस्तक असतं, त्यावर माझा फोटो. ते खिशात ठेवून विमानात बसलो. झोपतानासुद्धा खिसा चाचपत होतो.

घरी आलो आणि कोट काढायच्या आधी ते पुस्तक टेबलावर ठेवलं. व्याह्यांनी पानं उलटली. "वा, फोटो छान आलाय," म्हणाले, आणि केतकीकडे बघितलं. तिनं संतोषकडे बघितलं. मी टँकर चालवलेला माणूस, सगळ्या आरशांत एकदम बघायची सवय आहे मला. म्हटलं, "काय झालंय?"

संतोष म्हणाला, "अण्णा, गाडीबरोबर तिथलाच ड्रायव्हर मिळतोय. बुक करून टाकलाय. तुम्हाला कशाला त्रास?"

मी व्याह्यांकडे वळलो. "पाव्हणं, मी चालवणार न्हाई हे कधी ठरलं?"

"नियम आहे हो, अण्णा. ठराविक वयानंतर ते गाडी देतच नाहीत. आपल्या हातात नाही."

"नियम कधी कळला?"

ते चष्मा पुसायला लागले.

"कधी कळला?"

"तुम्ही निघायच्या आधी... दोन दिवस."

"मग विमानतळावर मला काय सांगितलंत? लायसन घेऊनच या म्हणून?"

केतकी मध्ये पडली. "अण्णा, प्लीज. त्या निमित्तानं डोळा तर झाला ना तुमचा? आता सगळं ग्रँड आहे." ठीक असलं की इथं ग्रँड म्हणतात. आणि व्याही खाली बघत म्हणाले, "तेच मनात होतं."

म्हणजे मला डोळ्यासाठी फसवलं. ज्याला सांगतो तो म्हणतो, तुमच्या भल्यासाठीच केलं की हो. मी काय कडू औषध पाजायचं पोर आहे? त्यांनी तोंडावर सांगितलं असतं, अण्णा, चालवता येणार नाही, तरी डोळा करून घ्या, तर मी नाहीच म्हणालो असतो. हे खरं आहे. पण ते नाही म्हणायचा हक्क माझा होता. आज त्याच डोळ्यानं हे लिहितोय, तेही खरं. म्हणून काही मी त्यांना माफ केलेलं नाही.

तेव्हापासून मी ताट घेऊन वर जेवायला लागलो. ते रोज चार वाजता माझ्या दाराबाहेर आलं घातलेला चहा ठेवून जायचे. मी प्यायचो आणि कप न धुता तिथंच ठेवायचो. एकदाही बोलले नाहीत त्यावर. आपली चूक होती असंही म्हणाले नाहीत... नुसता चहा.

ते गेले त्याच्या आठ दिवस आधीची दुपार. पोरं कामावर, घरात आम्ही दोघंच. मी गरम पाण्यासाठी केटलीपाशी उभा, ते टेबलाशी. मागून म्हणाले, "अण्णा, समजा गाडी वाळूत रुतली, तर... तुम्ही काय केलं असतं?"

सात-आठ महिन्यांतला हा पहिला प्रश्न. तोवर त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, विचारलं काहीच नव्हतं. मी वळलोसुद्धा नाही. म्हटलं, "तुमच्या ड्रायव्हरला इचारा की," आणि कप घेऊन वर निघालो. जिन्याच्या वळणावरून बघितलं. मास्तरांना सवय असते, प्रश्न टाकला की वर्गातून उत्तर येईपर्यंत थांबायचं. ते पेनाचं टोपण काढून कागदावर हात ठेवून तसेच थांबले होते. मी खोलीत जाऊन दार लावलं.

ते गेले त्या सकाळी मी जे सुनवणार होतो त्यात या प्रश्नाचं उत्तर होतं असं कुणाला वाटेल. नव्हतं. नुसतं भांडण होतं, आणि ते तसंच माझ्याकडं राहिलं. माणूस असा मध्येच उठून गेला की समोरच्यानं करायचं काय?

परवा केतकी म्हणाली, "अण्णा, ट्रिप कॅन्सल करू का?" म्हटलं, "कशाला? ड्रायव्हरच्या शेजारी मी बसणार, एवढं आत्ताच लिहून घे." ती म्हणाली, "बाबांना बरं वाटलं असतं." मी म्हटलं, "त्यांना बरं वाटावं म्हणून न्हाई चाललो मी." ती रडायला लागली तेव्हा मला जरा जास्त बोललो असं वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर खाली आलो. टेबलाशी त्यांच्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही, जेवतानासुद्धा तिला वळसा घालून जातो आम्ही. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगून टाकलं. ऐका, पाव्हणं. रुतली की आधी पाय काढायचा. जितका ॲक्सिलरेटर दाबाल तितकी गाडी खाली बसते. सगळ्यांनी उतरायचं. चारी चाकांची हवा कमी करायची, टायर पसरट होईपर्यंत. चाकांपुढची वाळू हातांनी ओढायची, फावड्याची वाट बघत बसायचं नाही. मग एकानं आत बसायचं आणि बाकीच्यांनी मागून जोर लावायचा. आणि एकदा गाडी निघाली की थांबवायची नाही. कडक जमीन लागेपर्यंत मागं वळूनसुद्धा बघायचं नाही. ढकलणारे मागून चालत येतात.