सकाळी सातची मध्यरात्र

अक्कानं आयुष्यात कधी कुणाला झोपेतून उठवलं नाही. गल्लीतलं मांजर तिच्या पिठाच्या डब्यावर निजलं, तर ते आपणहून उठेपर्यंत ती भांडी घासत बसायची. स्वतः मात्र पहाटे चारला उठायची, गजराशिवाय. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगारांच्या डब्यांसाठी सहाच्या आत तिला साठ भाकऱ्या थापायच्या असत.

शाहूपुरीतल्या एका बोळात आम्ही शेजारी भाडेकरू होतो. घरमालकानं एका मोठ्या खोलीच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकून दोन भाडी सुरू केली होती. त्याच्या एका बाजूला अक्काची चूल आणि दुसऱ्या बाजूला माझी कॉट. मी एका छापखान्यात रात्रपाळीला वर्तमानपत्राची पानं तपासायचे. साडेतीनला घरी यायचे, चारला अंग टाकायचे. आणि बरोबर चारला, माझ्या उशीपासून हातभर अंतरावर, परात वाजायला लागायची.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. कोडोलीत आमच्या घरी कपाटात कपडे कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. वडिलांना, म्हणजे तात्यांना, गावात कुठंही अन्याय दिसला की त्यांचं पत्रक निघायचं. पहाटे चारला ते खळीचा डबा सायकलला अडकवून बाहेर पडायचे आणि गाव जागं व्हायच्या आत भिंती बोलायला लागायच्या. त्यामुळं अन्याय झाला की काय करायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीन महिने परात ऐकल्यावर मी एक पत्रक लिहिलं, मोठ्या अक्षरात. पहाटे उठणं हा सद्गुण आणि उशिरा उठणं हा गुन्हा, हा कायदा कुणी केला, असा त्यात सवाल होता. ते खळ लावून अक्काच्या दारावर चिकटवलं आणि विजयी मुद्रेनं झोपले.

अकराला दार उघडलं तर अक्का समोर पायरीवर बसलेली. पत्रक तिनं न फाडता, पाणी लावून अलगद सोडवलं होतं आणि मांडीवर वाळत ठेवलं होतं.

“वाच की हे,” ती म्हणाली. “मला अक्षर लागत न्हाय.”

स्वतःचं जळजळीत लिखाण, ज्याच्यावर लिहिलं त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचणं, ही शिक्षा प्रत्येक लेखकाला एकदा तरी व्हावी. ‘रात्रपाळीच्या श्रमिकांच्या झोपेवर रोज पहाटे हल्ला होत आहे. आम्ही तो यापुढे सहन करणार नाही.’ तिसऱ्या ओळीपर्यंत माझा आवाज खाली आला.

“आम्ही म्हंजे कोण कोण?”

“मी.”

“एकटीच?”

“हो.”

अक्का हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. तिची पोरं त्याच आवाजात वाढली होती, नवरा होता तोवर त्याच आवाजात घोरायचा. परातीच्या आवाजानं कुणाची झोप जाते, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. “म्हंजे तीन महिनं मी तुला रोज उठवत हुतो?” तिनं दोनदा विचारलं. मग जरा वेळानं म्हणाली, “कागूद आण. आता माझं बी लिव.”

मी बसून लिहून घेतलं. पोरगी साडेतीनला येते आणि कडी धाडकन सोडते. मग चपला टाकते. मग नळाखाली रिकामी बादली लावते, तिचा आवाज आधी ढोलासारखा आणि मग धबधब्यासारखा होतो. तेव्हा अक्काच्या उठण्याला अर्धा तास राहिलेला असतो, आणि सगळ्या रात्रीत गोड झोप असते ती त्याच अर्ध्या तासाची. तीन महिने ती मी रोज खात होते. तू बोलली का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, “तू दमून येतीस. आल्या आल्या भांडू व्हय?”

मी इतकी पत्रकं वाचली, लिहिली, पण समोरच्या बाजूचं पत्रक स्वतःच्या हातानं लिहून घेण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

त्याच दिवशी अक्कानं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझ्या दाराच्या कडीला घट्ट गुंडाळली. मी बादली संध्याकाळीच भरून ठेवायला लागले आणि चपला बोळाच्या तोंडाशी हातात घ्यायला लागले. अक्कानं चूल पलीकडच्या भिंतीला नेली आणि परातीखाली चौपदरी गोणपाट घातलं. भाकरी लाटून केली तर आवाजच होणार नाही, असं मी एकदा सुचवून पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. आवाज पूर्ण गेला नाही, पण तो आता लांबून कुणी पाठ थोपटल्यासारखा यायचा. तिची जाग आणि माझी झोप चारच्या सुमारास पार्टिशनपाशी भेटायची. ती हळूच म्हणायची, “आलीस रातकिड्या? मलको.” ती सीमेकडची, निपाणीजवळची. झोप म्हणायला तिला कानडीच शब्द लागायचा.

तिची एक म्हण होती, तिची स्वतःचीच असावी. “झोप म्हंजे ज्याची त्याची भाकरी. दुसऱ्याच्या ताटातली उचलायची न्हाय.” लग्न होऊन आली तेव्हा सासू तिला पायाचा अंगठा ओढून उठवायची. पुढं लेकरांनी रडून उठवलं, नंतर धंद्यानं. आपणहून जाग येणं म्हणजे काय असतं, ते आपल्याला ठाऊक नाही, असं ती सांगायची, तक्रार न करता, मीठ संपलं म्हणून सांगावं तसं.

तात्यांचं मात्र माझ्याशी बिनसलं होतं. उन्हं डोक्यावर येईपर्यंत झोपणारं माणूस कसल्याच कामाचं नाही, हे त्यांचं ठाम मत. पेठ वडगावच्या एका पतसंस्थेत त्यांनी माझ्यासाठी दहा ते पाचची नोकरी बघून ठेवली होती. मी फोनवर नाही म्हणाले. मग एका सकाळी, न सांगता, पहिल्या एसटीनं ते मला न्यायलाच आले. खिशात भरलेला अर्ज होता, फक्त माझी सही राहिली होती.

पुढचं मला नंतर दोघांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. तात्यांनी कडीला हात घातला आणि अक्का मध्ये उभी राहिली.

“पावणं, हात काढा. ती चारला निजलीया.”

“सात वाजलेत बाई. मी बाप आहे तिचा.”

“तुमचं सात वाजलं असतील. तिची मध्यरात्र हाय. तुमाला मध्यरात्री कुणी उठवलं तर चालंल काय?”

माझ्या वडिलांना आयुष्यात फौजदारानंही गप्प केलं नव्हतं. ते पायरीवर बसले. अक्कानं चहा दिला, भाकरी आणि दही दिलं. तरी ते चुळबुळ करायला लागले तेव्हा त्या दिवसाचं वर्तमानपत्र त्यांच्या हातात ठेवलं. म्हणाली, “तुमी हे रोज पाटं वाचतायसा न्हवं? ते तुमची पोरगी रात्रभर करती. ती रात्री निजली तर सकाळी तुमी काय वाचणार?”

मी अकराला दार उघडलं तेव्हा तात्या पायरीवरच होते. चार तास. चष्मा नाकावर, वर्तमानपत्र मांडीवर, हातात पेन्सिल. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “तिसऱ्या पानावर एक चूक आहे.”

“एकच?”

त्यांनी पानं पुन्हा उलटून पाहिली. “एकच.”

अर्ज खिशातून बाहेर आला नाही. दुपारच्या गाडीनं तो त्यांच्याबरोबर कोडोलीला परत गेला. त्यानंतर तात्यांनी मला बाराच्या आत कधी फोन केला नाही.

मागच्या वर्षी अक्काचा खांदा गेला. थापायला हात वर होईना. लेकीनं निपाणीला बोलावलं आणि अक्कानं ऐकलं. डबेवाल्यांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं, परात बांधली. पहाटे साडेपाचची एसटी ठरली. मी छापखान्यातून आल्यावर न झोपता तिला सोडायला जायचं, असं आमचं ठरलं होतं.

साडेतीनला आले. पावणेपाचपर्यंत पलीकडं काहीच हालचाल नाही. मी घाबरून तिच्या दारापाशी गेले, दार नुसतं लोटलेलं होतं. बांधलेल्या बोचक्याला डोकं टेकून अक्का झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिला झोपलेलं पहिल्यांदा पाहत होते. चार वाजून गेले होते आणि तिला उठवायला जगात आज कुणी नव्हतं, सासू नव्हती, साठ भाकऱ्या नव्हत्या.

मी दार लोटलं आणि पायरीवर बसले. साडेपाच वाजले, गाडी गेली असणार. सहा वाजले. समोरच्या वैनी सडा मारायला आल्या, बादली आपटणार तोच मी ओठांवर बोट ठेवलं.

सात वाजता आतून आवाज आला, “अगं आई गं, ऊन आलं की.” ती केस सावरत दारात आली. गाडी चुकल्याचं तिच्या ध्यानात आलं आणि मग तिनं मला धारेवर धरलं. “उठवायचं की गं मला. लेक तिथं वाट बघती.”

“झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही,” मी म्हणाले. “लेकीला फोन केलाय. नऊची गाडी आहे.”

ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. उन्हात दोन्ही पाय लांब केले.

“कसं वाटलं, आपणहून उठून?” मी विचारलं.

“ब्येस वाटलं,” अक्का म्हणाली. मग विचार करून म्हणाली, “पर रोज न्हाय परवडायचं.”

स्टँडवर तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटायच्या आधी तिनं बाहेर हात काढून माझ्या डोळ्यांवरून फिरवला. “लाल झाल्यात बघ. जा, मलको.”

परत आले तेव्हा साडेनऊ झाले होते. बोळ पुरता जागा होता. मी चपला हातात घेतल्या, लुगड्याची पट्टी गुंडाळलेली कडी आवाज न करता लावली आणि झोपले.